विटा ते झांस्कर, मुक्काम-जेवणासह

टी-शर्ट आधी आले. रस्ता अजून ठरायचा होता. 'रांगडे रायडर्स, विटा' या ग्रुपची कामाची रीतच तशी होती. काळा टी-शर्ट, पाठीवर डोंगर, डोंगरावर बुलेट, बुलेटवर दाढीवाला गडी आणि खाली पिवळ्या अक्षरांत 'विटा ते संस्कार'. लिहायचं होतं झांस्कर, लडाखातलं. छापणाऱ्यानं जन्मात झांस्कर ऐकलेलं नव्हतं, संस्कार ऐकलेलं होतं; त्यानं आपल्या परीनं दुरुस्ती करून टाकली. अकरा जणांनी तो अंगात घालून आरशासमोर फोटो काढले, ग्रुपवर टाकले, एकमेकांना अंगठे दाखवले, आणि दोन दिवस कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी मलकापूरच्या शमशेर मिस्त्रीनं ते वाचलं आणि ग्रुपच्या कॅप्टनला, विश्वजीत शेटला, फोन लावून सांगितलं. विश्वजीतनं आपला टी-शर्ट उलटा करून वाचला. मग म्हणाला, असूं द्या, संस्कार बी काय वाईट न्हाईत.

शमशेर या ग्रुपातला बारावा. बाकीचे अकरा विटा आणि आसपासचे, पोटाला मिळून वर वेळ उरणारे. शमशेरचं गॅरेज कराडला चिकटून असलेल्या मलकापुरात, हायवेच्या कडेला. वय छप्पन्न, आणि तीस वर्षांत बुलेटशिवाय दुसऱ्या गाडीला त्यानं पाना लावलेला नव्हता. हिमालयात जाऊन आलेल्या गाड्या परतल्या की त्याच्याकडंच यायच्या. अशा चौदा गाड्या त्यानं उघडल्या होत्या. एअर फिल्टर झटकला की पिठासारखी राखाडी धूळ पडायची. ती बोटावर घेऊन त्यानं चोळून पाहिली होती. ती जिथून येते तो मुलूख पाहिला नव्हता. तो स्वतः सगळ्यात लांब गेला होता अजमेरला, जरिनाला घेऊन, तेही रेल्वेनं. गाडीवर म्हणाल तर बेळगाव. सामान आणायला सकाळी गेला आणि दिवेलागणीला परत.

आणि या वर्षी जायचंच होतं, कारण पुढच्या वर्षाची खात्री नव्हती. कमरेचा मणका सरकलेला. कराडच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडाकडं धरून सांगितलं होतं की दिवाळीनंतर ऑपरेशन, आणि त्यानंतर लांबची गाडी विसरायची. गॅरेजात स्टुलावर बसून काय ती सूत्रं हलवायची. शमशेरनं एक जून महिना मागून घेतला होता. डॉक्टरनं कमरेचा पट्टा लिहून दिला आणि मान हलवली. ती होकाराची की कीव आल्याची, हे शमशेरनं विचारलं नाही.

जायचं कुणाबरोबर, हा प्रश्न मार्चमध्ये विश्वजीतनं स्वतः गॅरेजात येऊन सोडवला होता. शमशेरभाई, मेकॅनिक बी तुमीच आन् रायडर बी तुमीच, असं म्हणून त्यानं त्याला ग्रुपात घेतला. तेव्हापासून अकरा गाड्यांची इंजिनं शमशेरनं एकेक करून उतरवली, धुतली, बसवली. स्वतःची चौऱ्याण्णव सालची बुलेट शेवटी घेतली. ती सुरू झाली तेव्हा जरिना दारात येऊन उभी राहिली आणि आवाज ऐकून आत गेली. तिच्या लेखी हे कौतुकच.

आता विश्वजीत. विट्याच्या बऱ्याच घरांतला एखादा तरी माणूस परमुलखात गलाईच्या दुकानात असतो. सराफांकडचं मोडीचं सोनं भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचं, हे त्यांचं काम. मद्रास म्हणा, जम्मू म्हणा, सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात विट्याकडची भाषा कानावर पडतेच. विश्वजीतच्या वडिलांचं दुकान इंदूरला. विश्वजीत वर्षातले नऊ महिने विट्यात असतो आणि दुकान मॅनेजर बघतोय, असं सांगतो. दोनदा बुलेटवर लेहला जाऊन आलेला माणूस, अशी त्याची ख्याती. ऑफिसात भिंतभर फोटो. त्या फोटोखाली बसून तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याला धाप लागते, हवा तिकडं विरळ असते ना.

माणूस परत आल्यावर काय सांगतो ते ग्रुपला कळतं. गाडी काय सांगते ते मिस्त्रीला. सहा हजार किलोमीटर तुडवून आलेल्या विश्वजीतच्या गाडीची चेन कोरी करकरीत होती. मीटर मागच्या सर्व्हिसच्या आकड्यापुढं जेमतेम चारशे सरकलेला. हँडलवर दोराचे वळ. गाडी पुण्याला ट्रकमध्ये चढली होती, मनालीला उतरली होती, घाटापर्यंत हिंडून फोटो काढून घेतले होते आणि पुन्हा ट्रकमध्ये चढली होती. दुसऱ्या वर्षीही तेच. शमशेर एका शब्दानं बोलला नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीच्या पोटातलं चारचौघांत काढलं की गॅरेज बसतं, एवढं त्याला कळत होतं. शिवाय विश्वजीतला कॅप्टनकी पाहिजे होती आणि शमशेरला झांस्कर. एकानं दुसऱ्याचं झाकून ठेवायला हरकत नव्हती.

रस्ता ठरवायची मीटिंग मे महिन्यात, विट्याला, विश्वजीतच्या नव्या बिल्डिंगच्या वरच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला ठेवलेली. साडेचारला ती सुरू झाली. लग्नसराई असल्यानं देशभरचे गलाईवाले गावाकडं आलेले, आणि त्यातले दहा-बारा जण हॉलमध्ये खुर्च्या धरून बसलेले. ते टूरला येणार नव्हते. त्यांच्यातल्या कुणाला बुलेटची किकही मारता आली नसती. ते कशाला आलेत हे शमशेरला आधी समजेना. मग समोर पडद्यावर नकाशा उमटला आणि समजलं.

नकाशावर गावं होतीच, पण प्रत्येक गावापुढं हॉटेलचं नाही तर माणसाचं नाव होतं. पहिला मुक्काम पुणे, विश्वजीतच्या मेव्हण्याकडं. मग धुळे, अमुक शेटकडं. मग इंदूर, घरचंच दुकान. रतलामला साईराजचे काका. हा साईराज ग्रुपातला सगळ्यात तरुण. त्याच्या हेल्मेटला तीन कॅमेरे होते आणि समोरचं दिसायला एक फट. मग जयपूर, मग अंबाला. अंबाल्यापर्यंत निळी रेघ ठसठशीत होती. तिथून पुढं, म्हणजे जिथं डोंगर सुरू होतो, जिथं शंभर-शंभर किलोमीटर माणूस दिसत नाही, पेट्रोल मिळत नाही, नाले रस्त्यावरून वाहतात, तिथं तिची तुटक टिंबं झाली होती आणि टिंबांच्या टोकाला हात जोडलेल्या माणसाचं चित्र.

शमशेरनं विचारलं, की शेट, ह्या टिंबांचं काय?

तिथलं तिथं गेल्यावर बघू, विश्वजीत म्हणाला. तिकडं आपलं कुणी न्हाई, त्यामुळं आत्ता ठरवता येत न्हाई.

शमशेरनं ग्रुपातल्या आकाराम सुभेदारांकडं पाहिलं. त्याची सगळी भिस्त या माणसावर. सुभेदार औंधजवळच्या गावचे, सैन्यात ट्रक चालवायला होते. मनाली-लेह रस्त्यावर त्यांनी अकरा उन्हाळे रसद ओढली होती. कोणत्या वळणावर सकाळी बर्फ असतं, कोणता नाला दुपारनंतर चढतो, हे त्यांना पाठ. दोन आठवड्यांपूर्वी गॅरेजात बसून त्यांनी शमशेरला सगळं तोंडी नेलं होतं, आणि शमशेरनं पान्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला ते खडूनं लिहून घेतलं होतं: दारच्या या शेवटच्या गावाहून पहाटे निघायचं, शिंकू ला ही झांस्करची खिंड नऊच्या आत ओलांडायची, चढावर गाडीला घाई करायची नाही. आता सुभेदारांनी तोंड उघडावं, एवढीच त्याची अपेक्षा.

तोंड आधी उघडलं हरिबा शेटनं. हरिबांचं दुकान बठिंड्याला, चाळीस वर्षं. पुतण्याच्या लग्नाला आलेले. त्यांनी चष्मा लावून नकाशा खालून वर वाचला, मग वरून खाली वाचला.

"बठिंडा दिसत न्हाई ह्यात."

विश्वजीतनं समजावलं की बठिंडा थोडं आडबाजूला पडतंय.

"पडतंय," हरिबा म्हणाले. "तुझा बाप पयल्यांदा पंजाबात आला तवा आडबाजूलाच उतरला हुता. माझ्या दुकानात चार म्हैनं झोपला, भट्टीच्या उबंला. तवा न्हाई म्हनला आडबाजूला पडतंय."

निळी रेघ वाकली आणि बठिंड्याला जाऊन आली.

एकदा वाकली म्हटल्यावर ती कुणाचीच राहिली नाही. बठिंड्याला जायचं तर हिसारवरूनच जाणार, आणि हिसारला मधल्या आळीतल्या पाटलांचं दुकान. हिसारला थांबता आन् भीलवाड्याला नुसता हॉर्न वाजवून जाता व्हय, असं मागच्या रांगेतून आलं. नाशिकवाल्यानं काही मागितलं नाही. तो फक्त उठून उभा राहिला, विश्वजीतकडं बघत, जावई रुसल्यासारखा. नाशिक घेतलं. साईराज फोनवर टिपत होता आणि प्रत्येक गावाला 'डन' म्हणत होता. टूरवाल्यांची तोंडं फुलत चाललेली. आपल्याला एवढी माणसं आहेत, याचा त्यांना साक्षात्कार होत होता. डोंगर बघायला निघालेली मंडळी, आणि डोंगराचं नाव अर्ध्या तासात कुणाच्या तोंडातून निघालेलं नव्हतं.

शमशेर हिशेबाला बसला तो तेव्हा. पैशांच्या हिशेबाला नव्हे; ते विश्वजीत आपल्या पद्धतीनं बघणार होता. त्यानं दिवस मांडायला घेतले, खिशातल्या स्पार्कप्लगच्या खोक्याच्या पाठीवर.

विट्याचा माणूस परगावी विट्याच्या माणसाकडं उतरला की नुसता उतरत नाही. त्या गावातली आपल्याकडची सगळी घरं गोळा होतात. म्हणजे दिवसाउजेडी पोचायला पाहिजे. मग शाल, नारळ, दोन शब्द. मग मटण. सकाळी दुकान दाखवायचं. भट्टी ती भट्टी, पण बघितली नाही तर राग. मग नाश्ता. मग आता जेवूनच जावा. जेवल्यावर लगेच कसं निघता, जरा पडा. तीनला गाडीला किक. तीनपासून दिवेलागणीपर्यंत किती जाणार, दोनशे किलोमीटर. म्हणून पुढचा मुक्काम दोनशेवर. आणि दोनशेवर आपलं कुणी नाही असं गाव या देशात मनालीच्या अलीकडं नव्हतं, हीच तर खरी अडचण होती.

पुणे, नाशिक, धुळे, इंदूर, रतलाम, भीलवाडा, जयपूर, हिसार, बठिंडा, अंबाला. दहा रात्री. निघायचं सहा जूनला. चोवीसला विश्वजीतच्या बिल्डिंगची वास्तुशांत, पत्रिका छापलेल्या, त्यामुळं ती हलणार नाही. राहिल्या आठ रात्री. आणि येताना त्याच वाटेनं यायचं नव्हतं, कारण दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ इकडच्यांनी काय घोडं मारलं होतं? साईराजनं परतीची नावं वाचून दाखवली. मोजून आठ.

दहा आणि आठ अठरा. चोवीसला सकाळी विट्यात, कपडे बदलून थेट पूजेला.

शमशेरनं बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा डोंगराच्या वाट्याला भोपळाच आला.

अजून सुभेदार राहिले होते. शमशेर त्यांच्या खुर्चीपाशी गेला, खोकं दाखवलं आणि हळू म्हणाला, सुभेदार, तुमी तरी सांगा ह्यांस्नी. सुभेदारांनी आकडे नीट पाहिले. फौजी माणूस, आकडा कळायला वेळ लागला नाही. ते उठले, पडद्यापाशी गेले, खाकरले. सुभेदार म्हणाले की रस्त्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शमशेरला बरं वाटलं. सुभेदार म्हणाले की अंबाला छावणीत त्यांच्या युनिटचा जुना जोडीदार अजून आहे, कँटीन त्याच्याच हातात आहे, तेव्हा अंबाल्याला एक नाही, दोन रात्री धराव्यात.

टाळ्या पडल्या. साईराज 'डन' म्हणाला.

आता आठातली एक कमी करावी लागणार म्हणून ग्वाल्हेर आणि झाशी यांच्यात जुंपली. शमशेर उभा राहिला. कमरेतून कळ आली म्हणून त्यानं खुर्ची धरली, त्यामुळं तो भाषण करतोय असं दिसलं. त्यानं साध्या शब्दांत सांगितलं की अठरा दिवस धरले, अठरा रात्री लागल्या, आणि त्यातली एकबी डोंगरात न्हाई. टी-शर्टवर जे काय छापलंय तिथं हा ग्रुप पोचतच नाही. अंबाल्यापर्यंत जाऊन जेवून परत येतोय.

खोकं हातोहात फिरलं. बेरीज कुणाला खोडता येईना. मग काय कमी करायचं, यावर विचार सुरू झाला आणि पाव तासात संपला. प्रत्येकाला दुसऱ्याचा माणूस कमी करायचा होता. हरिबा शेट म्हणाले, माझं नाव काढा, मला राग न्हाई, आणि हे त्यांनी असं म्हटलं की बठिंड्याला दोन रात्री झाल्या असत्या. शेवटी विश्वजीत बोलला, कॅप्टन म्हणून.

"शमशेरभाई, डोंगर कुठं पळून चाललाय का? आज न्हाई तर पुढच्या साली. मानसं म्हत्त्वाची. मानसं तोडून डोंगर बघायचा, ह्ये आमच्यात बसत न्हाई. आन् राग मानू नका, पर रस्त्याचं तुमी सांगायचं? तुमी कवा गेलाय तिकडं?"

कुणीतरी हसलं. विश्वजीतच्या मागं भिंतीवर ऑफिसातल्यासारखाच एक फोटो होता: बुलेट, बर्फ, छाती पुढं काढलेला विश्वजीत. शमशेरच्या जिभेवर ट्रक आला होता. दोराचे वळ आले होते, कोरी चेन आली होती, चारशेचा आकडा आला होता. एक वाक्य पुरलं असतं. हा हॉल वर्षभर त्यावर जगला असता. पण मग नकाशा तसाच राहिला असता आणि नुसता कॅप्टन बदलला असता. त्यात शमशेरला गंमत वाटली नाही.

"न्हाई गेलो," तो म्हणाला. "म्हनून तर जायाचं हाय."

मग त्यानं पुढचं सांगितलं. गाड्या अकराच्या अकरा तयार आहेत, अंबाल्यापर्यंतच्या डांबरी रस्त्याला मिस्त्री लागत नाही. तो सहालाच निघणार, पण सरळ. मनालीला एक दिवस वाट बघणार, आणि नाही आला कुणी तर पुढं.

"सरळ म्हंजे कसं?" हरिबा शेटनं विचारलं. "ऱ्हानार कुठं?"

"मिळंल तिथं. माझं वाटंत कुनीच न्हाई."

हरिबांनी चष्मा काढला. त्यांच्या तोंडावर खरोखरीचं वाईट वाटलेलं दिसत होतं, जसं कुणी आपल्याला दुखणं सांगावं.

"इंदूरला न्हाई?"

"न्हाई."

"जयपूरला बी न्हाई? आरं आरं." त्यांनी मान हलवली. "लय अवघड हाय मग गड्या तुझं."

घरी आल्यावर शमशेरनं जरिनाला सगळं सांगितलं, सुभेदारांसकट. जरिना भाकरी थापत होती. तिचा चेहरा सहसा काही कळू देत नाही. ग्रुपबरोबर जाशील तर सोबत असेल, असं मार्चमध्ये तीच म्हणाली होती, त्यामुळं आता ती नको म्हणणार असं त्यानं धरून ठेवलं होतं. तिनं भाकरी उलटली.

"इनो नै जानेके," ती ग्रुपाबद्दल म्हणाली. "तुमे जाव. पट्टा बांदके जाव. रोज एक फोन करना, लंबा नै."

सहा जूनला विट्याच्या चौकात अकरा बुलेटना हार घातले गेले, नारळ फुटले, ड्रोन उडाला. बारा वाजेपर्यंत ग्रुपवर एकशे चाळीस फोटो आले. शमशेर तेव्हा पुण्याच्या पुढं नारायणगावला चहा पीत उभा होता. बसला असता तर उठताना वेळ गेला असता. त्या रात्री तो धुळ्याला होता, एका लॉजवर, जिथल्या मालकानं त्याला नाव सोडून काही विचारलं नाही. दुसऱ्या रात्री इंदूरच्या पुढं. तिसऱ्या दिवशी कोट्याच्या अलीकडं कमर अशी धरली की तो रस्त्याकडेच्या बाभळीखाली तासभर उताणा पडून राहिला, पट्टा सैल करून, आणि कुणी त्याला जेवूनच जावा म्हटलं नाही. तो उठला आणि निघाला. चौथी रात्र चंदीगडच्या अलीकडं, पाचवी मनालीत. पाच दिवस, एकवीसशे किलोमीटर. ग्रुप तोवर रतलाममध्ये पोचायच्या बेतात होता, कारण इंदूरला घरचंच दुकान म्हणून दोन रात्री झाल्या होत्या.

कबूल केल्याप्रमाणं सहाव्या दिवशी तो मनालीत थांबला. चेन ताणली, तेल बघितलं, पाठ शेकून घेतली. दिवेलागणीला विश्वजीतचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज, कुणीतरी भाषण करत होतं.

विश्वजीतनं सांगितलं की साईराजची गाडी ओढत नाही, रेस केली तर नुसती भुंकते, क्लच गेलाय. इथल्या मेकॅनिकवर भरवसा नाही. तेव्हा शमशेरभाईंनी तसंच मागं यावं. ग्रुप रतलामला थांबतोय, दोन दिवस लागले तरी चालेल, इथं काही कमी नाही.

"मागं म्हंजे रतलामला?"

"मग! तुमी ग्रुपचं मेकॅनिक न्हवं का?"

शमशेरनं मोजलं. जायला तीन दिवस, यायला तीन, मणक्यात तेवढं नव्हतं. मागं गेला की जून संपला आणि त्याबरोबर बाकीचंही. हे विश्वजीतला सांगायचं म्हणजे मणका सांगावा लागला असता, आणि तो त्याच्यापाशी सांगायची त्याची इच्छा नव्हती. साईराजला फोन द्या, तो म्हणाला. साईराज आल्यावर त्यानं फक्त एवढं विचारलं, की काल गाडी कुणी धुतली.

इंदूरला शेटच्या दुकानातल्या माणसांनी, साईराज म्हणाला. प्रेमानं धुतली. सगळं सुटं करून, तेलपाणी करून.

"क्लचची तार लय आवळल्याली असंल. हँडलपाशी दोन आटे सैल सोड. आन् चालवून बघ. मी हाय फोनवर."

दहा मिनिटं फोन तसाच चालू राहिला. भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मग लांबून इंजिनाचा आवाज आला, गुळगुळीत, त्यानंच बसवलेलं इंजिन. साईराज येऊन म्हणाला की भाई, चालू झाली की. विश्वजीतनं फोन परत घेतला. त्याच्या बोलण्यात आनंद कमी आणि अडचण जास्त होती. बरं मग आता काय करायचं, त्यानं विचारलं. म्हंजे तुमी येताय का न्हाई?

"गाडी चालू झाली न्हवं?"

"झाली. पर हितं सगळी म्हनत्यात शमशेरभाईंना बोलवा. जेवान केलंय."

शमशेरनं त्यांना जेवून घ्यायला सांगितलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मनालीवरचा डोंगराखालचा लांब बोगदा ओलांडून तो पलीकडं उतरला तेव्हा झाडं संपली होती. तांडीच्या पंपावर टाकी आणि वर दोन कॅन भरून घेतले. दारच्याच्या चौकीवर हवालदारानं रजिस्टर पुढं ओढलं, गाडीचा नंबर लिहिला, कुठून आला ते विचारलं आणि सातारा कुठं येतं ते विचारलं नाही.

"अकेले हो या ग्रुप?"

शमशेर थोडा अडखळला. "ग्रुप है. बारह."

हवालदारानं मान उंच करून मागचा रस्ता पाहिला. रस्ता खालपर्यंत रिकामा दिसत होता. "बाकी कहाँ रह गए?"

"खाना खा रहे हैं."

खालच्या ढाब्यावर असतील असं हवालदाराला वाटलं. त्यानं शमशेरच्या नावापुढं बारा लिहिलं आणि पट्टी लावून खालच्या अकरा ओळींना कंस काढायला घेतला. शमशेरनं पुढं वाकून, जमेल तेवढं वाकून, त्याच्या पेनापाशी बोट ठेवलं.

"जगह मत छोड़ो, साब. पीछे जो खड़ा है, उसका लिखो."

मागं केरळच्या नंबरची स्कूटर उभी होती. तिच्यावर चिखलानं माखलेला एक पोरगेला माणूस, मागच्या सीटला पेट्रोलचा कॅन सुतळीनं बांधून, आपली पाळी यायची वाट बघत होता. हवालदारानं बाराचा आकडा खोडला, एक केला, आणि स्कूटरवाल्याचं नाव विचारून ते शमशेरच्या खालच्याच ओळीत लिहिलं.